एका बॅकच्या मागावर: बर्नबँक ते हॅम्पडेन, सहा दिवस

ग्लासगोत उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी भाच्याच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसलो होतो. हिनं चहाचा कप त्या नकाशावरच ठेवला आणि विचारलं, "अहो, हा तुमचा जॉक स्टाइन चांगला खेळायचा का?"

"बरा खेळायचा."

"बरा? आणि त्याच्यासाठी आपण कोल्हापुरातनं इथवर आलो?"

भाचा हसायला लागला. त्याला मामाचं वेड लहानपणापासून ठाऊक. मी बारा वर्षं तालमीच्या टीममधून बॅक, म्हणजे बचावाला, खेळलो. शाहू स्टेडियमवर ज्यांनी मॅच बघितली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. गोल मारणाऱ्याला पोरं खांद्यावर घेऊन पेठेत येतात आणि बॅक मागून सायकल हातात धरून चालत येतो. म्हणूनच मला स्टाइनचं आकर्षण. सेंटर हाफला, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा, डाव्या पायाचा, उंच, धिप्पाड, वेगानं सामान्य. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून एकही अधिकृत सामना त्याच्या नावावर नाही. आणि याच माणसानं मॅनेजर म्हणून 1967 साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबला युरोपियन कप जिंकून दिला. त्याआधी ब्रिटनमधल्या एकाही क्लबला तो जमला नव्हता.

करार असा ठरला: पहिले सहा दिवस माझे, पुढचे सहा हिचे. किल्ले, तळी आणि स्काय बेट हिच्या वाट्याला. इथे फक्त माझे सहा दिवस लिहितोय.

सोमवार: बर्नबँक आणि हॅमिल्टन

ग्लासगो सेंट्रलच्या खालच्या मजल्यावरून हॅमिल्टनची लोकल मिळते. प्रवास अर्ध्या तासाच्या आत-बाहेरचा. बाहेर पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, धुकं म्हणावं तर धुकं नाही. गाल ओले होतात, छत्री उघडली तर लोक हसतात. याला तिथं 'ड्रीख' म्हणतात. शब्द उच्चारतानाच घसा साफ होतो.

बर्नबँक हे हॅमिल्टनला चिकटलेलं गाव. 5 ऑक्टोबर 1922 ला स्टाइन इथं जन्मला. मी मनात काहीतरी चित्र घेऊन गेलो होतो: खाणीचा मनोरा, काळ्या भिंती. प्रत्यक्षात एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, एक सट्ट्याचं दुकान, एक केशकर्तनालय, चायनीज पार्सलवाला. खाणी केव्हाच बुजवल्या, वर गवत उगवलं. ही म्हणाली, "इथं बघायचं काय?" खरं सांगायचं तर काहीच नाही.

कुत्रा फिरवणारे एक आजोबा भेटले. त्यांनी आम्हाला दहा मिनिटं काहीतरी मनापासून सांगितलं. त्यातलं मला 'बिग जॉक' एवढंच कळलं. भाच्यानं नंतर भाषांतर केलं: इथल्या प्रत्येक घरातला एक माणूस खाली जायचा, त्यांचे वडीलही जायचे, आणि स्टाइननं सेल्टिकचा शर्ट घातला तेव्हा बर्नबँकमधल्या कितीतरी ओळखीच्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. कारण स्टाइन प्रोटेस्टंट, घरचे रेंजर्सवाले, म्हणजे ग्लासगोतल्या प्रोटेस्टंटांच्या क्लबचे. आणि सेल्टिक म्हणजे आयरिश कॅथलिकांचा क्लब. आपल्याकडे पेठा-पेठांत खुन्नस असते, पण ती मॅचपुरती, फार तर मिरवणुकीपर्यंत. इथली खुन्नस लग्न-बारशापर्यंत जाते.

जवळच्याच ब्लँटायरला 22 ऑक्टोबर 1877 रोजी खाणीत स्फोट होऊन 207 माणसं गेली. स्टाइनच्या पिढीनं ही गोष्ट घरात ऐकतच मोठं व्हायचं आणि शाळा सुटली की त्याच धंद्यात जायचं. तोही थोडे दिवस गालिच्याच्या कारखान्यात काढून खाणीत उतरला.

हॅमिल्टनमध्ये डेव्ही कूपरचा पुतळा आहे, तो आवर्जून बघितला. का, ते शेवटच्या दिवशी सांगतो.

जेवणाचं: स्टेशनजवळच्या बेकरीत 'स्कॉच पाय' घेतला. वाटीच्या आकाराचं कडक कवच, आत मिरी घातलेला मटणाचा खिमा. मटण म्हटल्यावर मी खूश. भाच्यानं वेळेवर सूचना दिली, "मामा, तिरका धरू नका." मी तिरका धरला. गरम चरबी बाहीतून कोपरापर्यंत.

मंगळवार: कोटब्रिज

आज एक चूक झाली, ती माझीच. अल्बियन रोव्हर्सचं क्लिफ्टनहिल मैदान बघायला गेलो आणि फाटकाला कुलूप. मॅच नसेल तर आत सोडायला तिथं कोण बसणार? छोटा क्लब, 2023 मध्ये तर स्कॉटलंडच्या चार व्यावसायिक विभागांतूनही खाली घसरलेला. लाल-पिवळं स्टँड रस्त्यावरून बघितलं, फटीतून गवताचा एक तुकडा दिसला, फोटो काढला. तुम्ही जाणार असाल तर शनिवारची मॅच बघून जा, दुपारी तीनची असते.

पण मैदानाबाहेर उभा राहूनही मला बरं वाटलं. 1942 ते 1950, आठ वर्षं स्टाइन इथं खेळला. पदार्पण सेल्टिकविरुद्ध, 4-4 बरोबरी. चार गोल खाल्लेल्या टीमचा सेंटर हाफ! माझ्या पहिल्या मॅचमध्ये आम्ही तीनच खाल्ले होते, एवढं समाधान. 1948 मध्ये रोव्हर्स वरच्या विभागात चढले आणि पुढच्याच वर्षी तळाशी राहून परत खाली आले. या सगळ्या काळात स्टाइन आठवडाभर खाणीत आणि शनिवारी मैदानावर. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत.

कुलपामुळे वेळ उरला म्हणून समरलीला गेलो, आणि सहा दिवसांतलं सगळ्यात मोठं घबाड तिथं हाती लागलं. जुन्या लोखंड कारखान्याच्या जागेवरचं हे संग्रहालय, प्रवेश फुकट. आवारात ट्राम चालते, खाणकामगारांच्या चाळीसारख्या घरांची रांग आहे, वेगवेगळ्या दशकांप्रमाणे मांडलेली. एका खोलीत आख्खं कुटुंब, भिंतीत कोनाड्यासारखा पलंग. ही तिथल्या चुलीपुढे बराच वेळ उभी राहिली. "आमच्या आजोळी गिरणीच्या चाळीत असंच होतं," म्हणाली.

मग हेल्मेट घालून खाणीत. छत इतकं खाली की मी पहिल्या दहा पावलांत तीनदा डोकं आपटलं. स्टाइन माझ्यापेक्षा वीतभर उंच असणार. वाटाड्यानं मध्येच दिवे बंद केले. अंधार आपण पाहिलेला असतो, अमावास्येचा, लोडशेडिंगचा. हा तसला नव्हता. डोळ्यांपुढे हात धरला तरी हात नव्हता. शेजारी ही उभी होती, तिनं माझी बाही पकडली (तीच, चरबीची).

दिवे लागल्यावर वाटाड्या एवढंच म्हणाला की इथं तुमच्या शेजारचा माणूस धर्मानं कोण, हे कुणी विचारत नव्हतं. त्यानं टेकू नीट लावलाय का, एवढंच बघत होते.

ॲलेक्स फर्ग्युसन स्कॉटलंडच्या संघात स्टाइनचा मदतनीस होता. त्यानं सांगितलेली एक आठवण भाच्यानं परतीच्या गाडीत सांगितली. 1984-85 च्या खाण संपात निधी गोळा करणाऱ्या कामगारांपुढून फर्ग्युसन पुढे निघून गेला. स्टाइन थांबला, पैसे टाकले आणि फर्ग्युसनला सुनावलं, की तुझ्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.

ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बरं, मग पुढं काय झालं त्याचं?"

पुढं असं झालं. 1950 मध्ये तो वेल्समधल्या लानेली या छोट्या क्लबकडे गेला. पहिल्यांदाच पूर्णवेळ खेळाडू. इकडे हॅमिल्टनच्या घरात दोनदा चोरी झाली, बायको परतायला निघाली. परत खाणीत जाणार, एवढ्यात सेल्टिकमधल्या एका जुन्या प्रशिक्षकाला, जिमी ग्रिबेनला, त्याचं नाव आठवलं. डिसेंबर 1951 मध्ये सेल्टिकनं घेतलं ते राखीव संघातल्या पोरांना सांभाळायला. पण मुख्य संघातले सेंटर हाफ एकामागून एक जायबंदी झाले आणि हा आत गेला. कप्तान शॉन फॅलनचा हात मोडला आणि हा कप्तान झाला. 1953 चा कोरोनेशन कप, 1953-54 ची लीग आणि स्कॉटिश कप, दोन्ही. 1955 मध्ये रेंजर्सविरुद्ध घोटा दुखावला, पुढे तो ताठच झाला आणि खेळ संपला. सेल्टिककडून एकूण 148 सामने.

"म्हणजे दरवेळी दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी मोडलं म्हणून याला जागा मिळाली," ही म्हणाली. मी पंचवीस वर्षं हे वाचतोय, मला हे असं सुचलं नव्हतं.

बुधवार: डनफर्मलिन

एडिनबरामार्गे गेलो, म्हणजे फोर्थ खाडीवरचा रेल्वेपूल लागतो. 1890 चा, लाल, पोलादी, डायनासोरच्या पाठीसारखा. डब्यातले रोजचे प्रवासी मोबाईलमध्ये, आम्ही तिघं खिडकीला नाक लावून. उजव्या बाजूला बसा, दुसरे पूल आड येत नाहीत.

डनफर्मलिनच्या बागेत मोर! आधी वाटलं कुणीतरी पुतळा ठेवलाय. मग तो चालायला लागला. पिटनक्रीफ पार्कमध्ये मोर मोकळे फिरतात, कधीकधी बाजारपेठेतही जातात. हिच्या आठवणीतलं स्कॉटलंड म्हणजे आता हा मोर. मठ, रॉबर्ट द ब्रूसची कबर हे सगळं बघितलं, चांगलं आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ईस्ट एंड पार्क गावातून चालत जाण्यासारखं. मार्च 1960 मध्ये स्टाइन इथं मॅनेजर म्हणून आला तेव्हा टीम तळाशी, उतरायच्या बेतात, चार महिन्यांत एक विजय नाही. सहा सामने उरलेले. पहिला नेमका सेल्टिकशी, 3-2 नं जिंकला. उरलेले पाचही जिंकले. पुढच्या वर्षी, एप्रिल 1961 मध्ये, स्कॉटिश कपची फायनल. समोर परत सेल्टिक. आणि त्या सेल्टिकमध्ये बिली मॅकनील, पॅट क्रेरँड ही स्टाइननंच राखीव संघात घडवलेली पोरं. 0-0, मग फेरसामना, 2-0. डनफर्मलिनच्या इतिहासातला पहिला स्कॉटिश कप.

मला इथं सगळ्यात आवडते ती हरलेली मॅच. 1962-63 च्या फेअर्स कप या युरोपातल्या स्पर्धेत व्हॅलेन्सियाकडून स्पेनमध्ये 4-0 मार खाऊन आले. संपलं म्हणायचं. घरच्या मैदानावर त्यांनी 6-2 नं हरवलं. निर्णायक सामना तिसऱ्या जागी, तो 0-1 गेला. ती तिसरी जागा होती लिस्बन. नाव लक्षात ठेवा.

क्लबच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर दिसला. मी भाव करायच्या विचारात, तोवर हिनं घेऊन गळ्यात घातलासुद्धा. "थंडी आहे," म्हणाली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठून आलात? 'इंडिया' म्हटल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न केला, "आणि डनफर्मलिनला?" त्यांना ते खरंच पटेना.

गुरुवार: लीथ

हिचा गुरुवार. शाकाहाराची सोय काय होणार याची मला धास्ती होती, पण स्कॉटलंडात मॅकरोनीचा पाय मिळतो: तेच कडक कवच, आत चीजमध्ये शिजवलेली मॅकरोनी. पिठात पीठ, वर पीठ. हिला आवडला. सोबत चिप्स. ग्लासगोत चिप्सवर मीठ आणि व्हिनेगर टाकतात, एडिनबरात मीठ आणि एक आंबट-तपकिरी पातळ सॉस. दुकानदारानं विचारलं तर 'सॉस' म्हणा. भाच्यानं सवयीनं व्हिनेगर मागितलं, आणि रांगेतल्या मागच्या माणसानं आमच्याकडे असं बघितलं, जसं आपण मिसळीबरोबर पुरी मागणाऱ्याकडे बघू.

हिबर्नियन क्लबच्या (लाडानं हिब्ज) ईस्टर रोड मैदानाला वेढा घालून आलो. हिब्जकडे स्टाइन वर्षभरसुद्धा नव्हता. 1964 च्या वसंतात आला, त्याच वर्षी समर कप जिंकला, ऑक्टोबरमध्ये मैत्रीपूर्ण सामन्यात रिआल माद्रिदला 2-0 हरवलं आणि मार्च 1965 मध्ये सेल्टिकनं बोलावून घेतलं. हिब्जवाले अजून हळहळतात म्हणे. आम्हाला भेटलेला एक तर फक्त पार्किंगबद्दल हळहळत होता. दुपारी मोठा पाऊस आला, ओलेचिंब होऊन घरी.

शुक्रवार: सेल्टिक पार्क

आधी काही सूचना. डालमार्नॉक स्टेशनवरून पंधरा मिनिटं चालत. मैदानाची सफर आगाऊ ठरवा, मॅचच्या दिवशी वेळापत्रक वेगळं असतं. आणि ग्लासगोत सहा दिवस हिरवा (सेल्टिकचा) किंवा निळा (रेंजर्सचा) शर्ट घालू नका. मी करड्या स्वेटरमध्ये फिरलो, कुणी काही विचारलं नाही.

मैदानाकडे जाणारा रुंद रस्ता, सुरुवातीलाच बिली मॅकनीलचा पुतळा, दोन्ही हातांनी कप वर धरलेला. मग दारापाशी तिघं: क्लब स्थापन करणारे ब्रदर वॉलफ्रीड, विंगर जिमी जॉन्स्टन आणि स्टाइन. स्टाइनच्याही हातात तो मोठ्या कानांचा कप. पायाशी कुणीतरी बांधून ठेवलेले दोन-तीन मफलर, पावसानं रंग उतरलेले.

सफरीत साठ हजार खुर्च्यांच्या मैदानाच्या कडेला बसवतात. एका स्टँडला स्टाइनचं नाव, समोरच्याला 'लिस्बन लायन्स', म्हणजे 1967 च्या त्या संघाचं. मी हिला तिथं बसवून 25 मे 1967 ची, लिस्बनमधल्या युरोपियन कप फायनलची गोष्ट सांगितली. पेठेत शंभरदा सांगितलीय, पण या ठिकाणी सांगायची वेगळी.

समोर इंटर मिलान. मॅनेजर हेलेनियो हेरेरा. त्याची पद्धत 'कातेनाच्चो'. इटालियनमध्ये याचा अर्थ दाराची कडी. एक गोल मारायचा आणि आतून कडी लावून बसायचं. स्टाइन डनफर्मलिनला असतानाच, 1963 मध्ये, मिलानला जाऊन हेरेराचा सराव बघून आला होता. कडी आतून कशी लावतात ते बघून आलेला माणूस.

सेल्टिकची अकराच्या अकरा पोरं सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेली. म्हणजे आमच्या हिशेबानं कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, फार तर सांगली. सातव्या मिनिटाला सेल्टिकचा उजवा बॅक जिम क्रेगनं पेनल्टी दिली. मात्झोलानं गोल केला. इंटरनं कडी लावली. मग तासभर सेल्टिक दार बडवत राहिले, दोनदा चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला. त्रेसष्टाव्या मिनिटाला चेंडू उजवीकडे आला, त्याच क्रेगकडे. त्यानं आत सरकवला. पळत आला डावा बॅक, टॉमी गेमेल. वीस-पंचवीस यार्डांवरून उजव्या पायानं फटका. जाळं.

"थांबा," ही म्हणाली. "चूक केली त्यानंच पास दिला?"

"होय."

"आणि गोल मारला तोही बॅक?"

"तोही बॅक."

डावा बॅक आणि उजवा बॅक, दोघंही विरुद्ध गोलच्या तोंडाशी! आमच्या कोचनं मला मध्यरेषा ओलांडली म्हणून बाहेर बसवलं होतं. बॅक राहिलेल्या माणसानंच बॅकना पुढं सोडलं, हे मला तिथं बसून पुन्हा एकदा नीट दिसलं. मागं उभं राहून आयुष्यभर पुढचा मोकळा रस्ता त्याला दिसत असणार, आणि ताठ घोट्यानं त्याला तो कधी पळता आला नाही. शेवटची सहा मिनिटं उरलेली असताना मर्डॉकचा फटका स्टीव्ह चाल्मर्सनं आत वळवला. 2-1. त्या हंगामात सेल्टिकनं पाचही स्पर्धा जिंकल्या. लिव्हरपूलचा मॅनेजर बिल शँकली, तोही खाणीतूनच वर आलेला, लिस्बनला होता. तो स्टाइनला म्हणाला, "जॉन, तू आता अमर झालास."

एक आपली गोष्टही इथलीच. 1936 मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम सेल्टिककडून दोन सामने खेळला, अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून. घरची ओढ लागली म्हणून परतला. आमच्या गुरुजींच्या पिढीतले लोक कोल्हापुरात अनवाणीच खेळायचे. ते आज असते तर त्यांना फोन लावून सांगितलं असतं.

शनिवार: हॅम्पडेन

माउंट फ्लोरिडा स्टेशनवर उतरलं की समोरच हॅम्पडेन, स्कॉटलंडचं राष्ट्रीय मैदान. स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय मैदानाच्या आतच आहे, दोन-अडीच तास काढून जा. पोरं असतील तर तीन.

इथं आमच्यात भांडण झालं. 24 एप्रिल 1965, स्कॉटिश कप फायनल, सेल्टिकला येऊन स्टाइनला जेमतेम दीड महिना. मॅकनीलच्या हेडरवर सेल्टिक 3-2 नं जिंकलं आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं, 1966 ते 1974 सलग नऊ लीग विजेतेपदं वगैरे. हिनं विचारलं, समोर कोण होतं? मी म्हणालो, डनफर्मलिन. हिनं मफलरला हात लावला. "म्हणजे स्वतःच उभी केलेली टीम स्वतःच पाडली?" त्यानंतर तिनं स्टाइनबद्दल अर्धा तास काही विचारलं नाही.

याच मैदानावर 15 एप्रिल 1970 रोजी सेल्टिकनं लीड्सला युरोपियन कपच्या उपांत्य सामन्यात हरवलं तेव्हा 1,36,505 प्रेक्षक होते. आता साधारण 52,000 बसतात. तेव्हाचे बहुतेक उभेच असत.

शेवटची वर्षं भरभर सांगतो, मला ती सांगायला आवडत नाहीत. 1970 ची युरोपियन कपची फायनल नेदरलँड्सच्या फाइनॉर्डकडून हरला. 1975 मध्ये मोटार अपघातातून जेमतेम वाचला. 1978 मध्ये सेल्टिकनं त्याच्या जागी मॅकनीलला आणलं आणि ज्यानं एवढं दिलं त्याला तिकिटांच्या-सोडतीच्या धंद्याचं काम देऊ केलं. तो लीड्सला गेला, 44 दिवसांत परत येऊन स्कॉटलंडचा मॅनेजर झाला. 10 सप्टेंबर 1985, कार्डिफ. वेल्सविरुद्ध विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना, स्कॉटलंड एका गोलनं मागे, बरोबरी हवी. पेनल्टी मिळाली. मारली डेव्ही कूपरनं, हॅमिल्टनच्या पोरानं, रेंजर्सच्या खेळाडूनं. 1-1. सामना संपता संपता स्टाइन कोसळला आणि मैदानातल्याच वैद्यकीय खोलीत त्याचा प्राण गेला. वय 62. सोमवारी पाहिलेला पुतळा त्या कूपरचा. तोही पुढे एकोणचाळिसाव्या वर्षीच गेला.

संग्रहालयातून बाहेर आलो तेव्हा सहा दिवसांत पहिल्यांदा ऊन पडलं होतं. बाकावर बसून उरलेले दोन पाय खाल्ले. मी सरळ धरला.

पुढचे सहा दिवस हिचे. स्कायला तीन दिवस पाऊस आणि मिजेस नावाची चावरी चिलटं. त्याबद्दल ती लिहील तर लिहील. परतल्यावर टीममधल्या जुन्या पोरांनी विचारलं, सेल्टिकची जर्सी आणली का? आणायची राहून गेली. घरात फुटबॉलची वस्तू म्हणून तो काळा-पांढरा मफलर तेवढा आहे. थंडी पडल्यापासून ही तो घालून सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाते. कुणी विचारलं की 'डनफर्मलिन' म्हणून सांगते, आणि उच्चार माझ्यापेक्षा बरा करते.